गिरमिट

ऑर्विलचं पेट्रोलवालं गिरमिट मी विकलं. दीडशे डॉलर आले.
दोरी ओढायची, एकदा, दोनदा, अकरा वेळा,
मग ते खोकत खोकत उठायचं
आणि अख्ख्या बॅजर तळ्याला कळायचं
की टास्टाडांच्या घरात आज कुणी कुणाशी बोलत नाहीये.

आता हे, त्याचं घरातलं ड्रिल.
यानंच न्हाणीघरातली फळी बसली, जरा डावीकडे कलती.
यानंच शेवटी पायऱ्यांना कठडा,
जो त्यानं तीन आठवडे धरला.
त्याच्या जबड्यात आता सहा इंची पातं,
कमरेइतकं उंच, नवंकोरं, लालभडक.

मर्ल किवेला शेजारच्या झोपडीतून बघत होता.
"ते प्लायवूड नाही, वर्ना," एवढंच बोलला.

तर शिकले मी.
बॅटऱ्या कोटाच्या आत, अंगाला लागून,
कोंबडीनं अंडी उबवावीत तशा.
उघड्यावर ठेवलेली बॅटरी दोन भोकांतच मान टाकते.
गियर एकवर. बाजूचा दांडा डाव्या हातात.
पाय फाकवून उभं राहायचं,
कारण बर्फानं पातं धरलं की ड्रिल थांबत नाही,
तुम्ही फिरता.
मनगट दोन दिवस सुजलं होतं. कुणाला सांगितलं नाही.

रेटायचं नाही.
पात्याला त्याचं त्याचं खाऊ द्यायचं.
भुगा वर येतो, किसलेल्या मुळ्यासारखा,
मग ओला, मग करडा,
आणि बावीस इंचांवर हात एकदम हलका होतो,
अंधारात नसलेल्या पायरीवर पाऊल पडावं तसा.
पाणी उसळून बुटांपर्यंत येतं. काळं.

पहिलं पातं तळ्यात गेलं.
चिखलबर्फ झटकायला मी ड्रिल उलटं फिरवलं,
चकाची पकड सुटली,
आणि हातात उरलं नुसतं ड्रिल
हवेला भोक पाडत.
खाली अठरा फूट. लाल रंग थोडा वेळ दिसला.

मर्ल हसला नाही. मला वाटलं होतं हसेल.
चौथ्या दिवशी माझ्या पायरीवर, वर्तमानपत्रात गुंडाळलेली,
एक लाकडी चकती. मधोमध भोक.
चिठ्ठी नाही.
नव्या पात्याच्या दांड्यात घाल, तो नंतर म्हणाला, चकतीकडेच बघत,
सुटलं तरी वर अडकून बसेल.
चकतीवर सुरीच्या रेघा, शेकडो, बारीक,
सगळ्या एका अंगाला झुकलेल्या.
ऐली डावखुरी होती.
तिनं चिरलेली गाजरं मी चाळीस हिवाळे खाल्ली.

बॅटऱ्या तीन. ऑर्विलच्या अक्षरात, काळ्या मार्करनं: १, २, ३.
तीन नंबर आता चार्ज धरतच नाही.
तरी असते खिशात.

आज वारा नव्हता. उणे चोवीस.
ड्रिल इतकं हळू बोलतं की ते थांबल्यावर
बर्फ लांबवर तडकत गेलेला ऐकू आला,
या काठापासून त्या काठापर्यंत, मांजरपाट फाडावा तसा.
मर्ल झोपडीच्या दारात उभा,
हातानं फिरवायचं जुनं गिरमिट काखेत,
खांद्यावर अजून शस्त्रक्रियेचा पट्टा.
"उरली असेल थोडी तर," म्हणाला.
एक नंबर सकाळीच संपली होती.
दोन नंबरवर एकच दिवा.

मी चकती सरकवली, चक दोनदा आवळला.
सतरा इंचांवर दिवा लुकलुकायला लागला.
अठरा. एकोणीस.
आम्ही काही बोललो नाही,
बोललो तर ती ऐकेल जशी काही.
विसाव्या इंचावर ड्रिल थांबलं.

मी सवयीनं खिशात हात घातला.
तीन नंबर. गरम होती.
परत ठेवून दिली.

उरलेलं मर्लनं पहारीनं फोडलं, एका हातानं,
मी मागून त्याचा कोट धरून ठेवला.
बराच वेळ लागला.
पाणी आलं तेव्हा चौघेही बूट भिजले.