सात वर्षं, गुरुवारपर्यंत

वारझाझातच्या बाहेर, पत्र्याच्या लांबड्या शेडमध्ये
खोक्यांतून उतरतात दोनशे चाळीस अंगरखे.
कोरे, करकरीत, मानेत अजून टाचणी.
सोबत बेगोन्याबाईंची चिठ्ठी:
गुरुवारपर्यंत हे सात वर्षं लढलेले हवेत.

बघू, म्हणते इट्टो.
आधी धुते. मग पुन्हा धुते, दगडगोटे घालून.
मग घरून आणलेली गाजराची किसणी घेते
आणि कोपरापासून लागते,
कारण माणूस आधी कोपराशी विरतो.

नव्या पोरीला, तिलिलाला, सांगते:
सगळीकडे सारखं नको गं घासू,
उंदरांनी खाल्ल्यासारखं दिसतं.
आधी हा कोण ते ठरव.
हा डावखुरा, म्हणून चट्टा या बाजूला.
हा लठ्ठ होता, मोहिमेत वाळला;
पट्ट्याची जुनी खूण राहू दे बाहेर.
आणि हा सारखा थैली चाचपायचा,
आहे ना अजून, आहे ना.
काय ते मला विचारू नकोस.

चहाचा चोथा. डाळिंबाची साल.
गंजके खिळे बुडवलेला सिरका.
काखेत, पाठीवर मिठाचं पाणी,
म्हणजे सुकल्यावर घामाची पांढरी किनार वर येते.
मानेला मेण.
रक्त सगळ्यात शेवटी, आणि हात आखडून:
पहिला तासभरच ते लाल असतं, ती म्हणते,
मग त्याचाही चहाच होतो.

गच्चीत दोरीवर दोनशे चाळीस जण
बाह्या पसरून, वाऱ्यात एकमेकांना ढकलत.
ऊन फुकट राबतं.

एकशे सतरा नंबरवर तिचा अख्खा तास गेला होता.
डाव्या बरगडीखाली भाल्याचं भोक,
लायटरने भाजलेल्या कडा, सुईने मोकळ्या केलेल्या दशा.
हात लावला तर आत कुणी कण्हेल असं.

तो यिदिरला मिळाला, टायरच्या दुकानातल्या.
गुरुवारी तो दोनदा मेला, एकदा पळाला.
रात्री गाडी उशिरा, थंडी मरणाची,
जाकिटाखाली अंगरखा तसाच ठेवून घरी गेला.
शुक्रवारी परत आणला, तेव्हा भोक नव्हतं.

बेगोन्याबाई फोटो नाचवत ओरडल्या,
काल होतं! काल होतं!
यिदिर खाली बघत म्हणाला,
आईनं केलं. मी झोपलो होतो.
कुणी मारलं ते तिनं विचारलं नाही,
म्हणाली, वारा लागत असेल.

इट्टोने कात्री घेतली. अंगरखा उजेडात धरला.
आडवे टाके, उभे टाके, एकाखालून एक,
मुंगी चालावी इतके बारीक.
कात्री तशीच उघडी राहिली.

सात वर्षं, ती पुटपुटली.
तिलिला, अगं, सात वर्षं,
आणि आपल्या दोनशे चाळीस जणांत
एकाकडेही सुई नव्हती?

त्या रात्री शेडमधला दिवा चालू होता.
जाड सुतळी, वाकडे टाके,
मशालीच्या उजेडात बाप्यांनी घालावेत तसे.
बारा जणांना ठिगळं, तीही चुकीच्या रंगाची.
एकाला ती लावता लावता मध्येच सोडून दिलं:
याला हाक आली, उठून गेला.
बाईंसाठी नव्या अंगरख्याला पुन्हा भाल्याचं भोक,
या वेळी वीस मिनिटांत.

एकशे सतरा तिच्या टेबलावरच राहिला.
सकाळी तिने यिदिरला गाठून एवढंच विचारलं,
दोरा कुठला वापरला?
याच्याच घेरातला, तो म्हणाला,
दुमडीच्या आतला. तिथे अजून कोरा होता म्हणे.

तिने दुमड उलटून पाहिली.
खरंच. तिथवर किसणी पोचली नव्हती.
आता ती बसली आहे, बोट चहात बुडवून,
त्या पांढऱ्या टाक्यांपासून वीतभर अंतरावर.