तुडूम

चिचटोल्याच्या वाचनालयात, मागच्या खोलीत,
रद्दी आणि कॅरमबोर्डाच्या मधे
एक कॉम्प्युटर रात्रंदिवस घरघरतो.
त्यात आमचा तलाव आहे:
माशांची नावं, देवधानाची जागा,
कुठल्या साली सलंग किती दिवस वाहिला,
एकशे ब्याण्णव पानांचा विकी.
एक पान उघडायला अकरा सेकंद.
निकेश कापगते मोजतो, दात खात.

"ताई, हे एक एक्स्टेंशन जोडा फक्त.
पान आधीच शिजवून ठेवते. मागितलं की वाढलं."
कोणी लिहिलंय? शेवटचा हात कधी लागला?
तो बोटानं खाली सरकवत जातो.
चार वर्षं.
तक्रारी सतरा, उत्तर एकीलाही नाही.
"पण चालते ना, ताई."
बिनब्रेकची सायकलही चालते, मी म्हणते,
उतारावर तर फारच छान.

तरी बसवलं.
अकरा सेकंद मलाही खुपत होते.
शाळेची पोरं फिरत्या चकतीकडे बघून
मुकाट कॅरमकडे वळायची.

दोन सेकंद!
निकेशनं स्वतःच्या पैशानं चिवडा आणला.

तिसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीत
माझ्यापुढे उभा असलेला माणूस
अंगठ्यानं सरकवत वाचत होता
सगुणाबाई वलथरेंचं पान.
मरळ कुठल्या कोपऱ्यात पिल्लं राखते
ते तिनं दार लोटून सांगितलं होतं मला,
आणि मी कुलूप घातलं होतं,
ढिवरवाड्यातल्या सात माणसांपुरतं.
कुलूप शाबूत होतं.
पण आदल्या रात्री मीच आत शिरून
ते पान उघडलं होतं, एक काना दुरुस्त करायला,
आणि त्या चपळ वाढप्यानं
माझं ताट जपून ठेवलं,
पुढच्याला दिलं,
तसंच, गरम.

दळण टाकून धावले. प्लगच खेचला.

सगुणाबाईनं चिडायला हवं होतं.
ती जाळ्याची गाठ सोडवत होती.
"आपल्या पारीले तुडुमं किती?"
तीन.
"कावून तीनच? दहा असते
त पानी भरभर गेलं असतं ना बांध्यांत."
मी गप्प.
"तीन मानसं होती तवा, रातभर जागनारी.
तुमच्या त्या डब्याजवळ
कोन जागते व बाई?"

मी त्या रात्री यादी काढली.
चौदा जोडण्या. आठ कोणाच्या, माहीत नाही.
दोन तर मीच कधीतरी बसवल्या होत्या,
कशासाठी ते आठवेना.
पाच ठेवल्या,
ज्यांच्या मालकाचं नाव सांगता येतं,
ज्यांना हाक मारली तर ओ येते.
निकेशनं फोटो बारीक केले,
पोहणारा मासा काढला पहिल्या पानावरचा
(तो त्यानंच बनवला होता, दहावीच्या सुट्टीत,
काढताना काही बोलला नाही).
आता सात सेकंद लागतात.
पोरं तेवढ्यात एक सोंगटी घालवतात
आणि परत येतात. काही येत नाहीत.

गिरणीतल्या माणसाच्या डब्यात
त्या दिवशी फक्त गहू होता.
नंतरचं मला माहीत नाही.
मरळ अजून तिथंच राहते का,
मी विचारलं नाही, सगुणाबाईनं सांगितलं नाही.
तिचं पान आहे.
लगेच उघडतं,
कारण त्यावर आता
तिच्या नावाखेरीज काही नाही.