आधी शून्य तपासावं

क्लब रोडच्या इरफान मुल्लानं
कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडं वळवला.
बेळगाव ते डब्लिन, सरळ रेघेत
आठ हजार किलोमीटर, थोडं इकडं तिकडं.
"थेट विमान असतं तर दहा तास, काका.
पण थेट काही नसतंय."
सांबऱ्याहून मुंबई, मुंबईत सात तास बाकड्यावर,
मग अबुधाबी, तिथं आणि चार.
सगळं धरून सत्तावीस तास दहा मिनिटं.

थोडं इकडं तिकडं म्हणजे किती, मी विचारलं.
तो हसला.
उद्यमबागेत चौतीस वर्षं लेथवर उभा आहे मी.
आमच्याकडं दोन शतांश मिलिमीटरला नग बाद होतो.

शेजारच्या मशीनवरचा बसलिंगप्पा
डबा उघडत म्हणाला, "एष्ट दूर ऐती, मास्तर?"
दूर हा शब्द त्याचाही, माझाही.
पाटीवरच्या अक्षरांवरून इथं डोकी फुटलीत,
या शब्दावरून कुणाचं काही म्हणणं नाही.
आठ हजार, म्हटलं.
त्यानं अर्धी भाकरी माझ्याकडं सरकवली.

ऑक्टोबर संपताना तिथले लोक
घड्याळ एक तास मागं ओढतात म्हणे.
अख्खा तास!
एवढा खेळ बेअरिंगमध्ये असता
तर मशीन जागेवर नाचलं असतं.

नव्या पोरांना पहिल्या दिवशी मी एकच शिकवतो.
व्हर्नियरचे जबडे मिटा.
शून्यावर शून्य बसतंय का बघा.
नसेल तर ती चूक
पुढच्या प्रत्येक मापात धरावी लागते.

तेजल घरात होती तेव्हा
स्वयंपाकघर ते कट्टा, अकरा पावलं.
नर्सिंगच्या फॉर्मवर मी सही केली नाही.
त्या जूनपासून पुढचं वर्षभर
ती अकरा पावलं आईच्या पायांनी चालली.
"ती विचारालीया, जेवणार काय?"
"वाढ म्हणावं."
सही तिच्या मामानं केली.
ती निघाली त्या दिवशी मी सेकंड शिफ्ट मागून घेतली.
पावणेपाचचं विमान
लेथच्या आवाजात ऐकू आलं नाही.
हातातला बुश मात्र बाद झाला.
अजून आहे माझ्या ड्रॉवरमध्ये.

आठ हजारातून ही अकरा पावलं
वजा करायची की मिळवायची,
मुल्लाच्या पडद्यावर त्याला रकाना नाही.

पहिले सहा महिने फोनवर ती म्हणायची, "ठेवते."
खोलीतली पुण्याची पोरगी सुधारायची तिला:
बायकांनी ठेवते म्हणावं, ठेवतो काय!
आमच्याकडं पोरी येतो म्हणतात, जातो म्हणतात,
त्यांच्या आज्या तसंच म्हणत आल्या.
मी काही बोललो नाही.
दर रविवारी त्या एका अक्षरावर कान ठेवून बसायचो,
मापावर डोळा ठेवावा तसा.
मागच्या रविवारी नाइट करून आलेली,
आवाज बसलेला.
"ठेवतो, बाबा. झोप आलीया."

सोमवारी पासपोर्टच्या खिडकीत
फॉर्म पुढं केला.
सही चौकटीबाहेर गेली,
दोन शतांश नव्हे, चांगली बोटभर.
दुसरा फॉर्म द्या, म्हटलं.
काउंटरवरची बाई वर न बघता म्हणाली,
"इरली बिड्री. असू द्या."