रात्री बाराच्या आत

पपांचा फोन मी अजून चार्ज करते.
का, ते विचारू नका.
आज त्यावर बँकेची मेल आली:
प्रिय ग्राहक,
रात्री बाराच्या आत खालच्या लिंकवर जा,
अन्यथा खाते गोठवण्यात येईल.

बोधचिन्ह तेच, निळा रंग मात्र धुऊन विटलेला.
पाठवणाऱ्याच्या पत्त्यात एक अक्षर जादा,
ताटाबाहेर सांडलेल्या शितासारखं.
‘त्वरित’ची वेलांटी दीर्घ.
पपांनी पेन्सिलीने तिथे गोल केला असता,
पेपरात करायचे तसा.

आणि म्हार्दोळच्या शाखेला कसली एवढी घाई?
पासबुकाचं मशीन बिघडलं की मिनीन म्हणायचा,
सोमवारी या, फळदेसाय,
वर सुपारीचा दर विचारायचा.
प्रिय ग्राहक म्हणून
सावईच्या माणसाला कोण हाक मारतं?

लिंकवर बोट दाबून धरलं, न सोडता.
खालचा पत्ता वर आला:
लांबलचक, आकड्यांनी भरलेला,
कुठल्याच गावाचा नसलेला.

खातं तर मीच बंद केलं, चवथीच्या आधी.
दाखल्याची प्रत, माझ्या दोन सह्या.
मिनीन काउंटरमागे उठून उभा राहिला होता.
पासबुकाला भोक पाडताना
ते नावावर पडू नये म्हणून
त्याने दोनदा सरकवलं.

हे त्या चोराला माहीत नाही.
त्याच्या यादीत पपा अजून आहेत,
घाबरवता येण्याइतके.

मेल पुसायची आहे. बोट तिथेच आहे.
सव्वाअकरा झाले.
बारापर्यंत राहू दे.