रोहेकर मिस्त्रींचा स्क्रू ड्रायव्हर

गाडी तिसऱ्यांदा आली.
माझगावात, गॅरेजच्या दारात, बाई म्हणाल्या,
"गतिरोधकावर मरते. दर वेळी नाही. कधीकधी."

हे 'कधीकधी' माझ्या धंद्यातला
सगळ्यात महाग शब्द.

मोडलं की मोडतं, हे रोहेकर मिस्त्रींचं जग.
दात गेलेला गिअर हातात धरता येतो,
गिऱ्हाइकाला दाखवता येतो, त्याच्यावर रागावता येतं.
झिजायला त्याला वर्षं लागतात
आणि झिजताना तो सांगत असतो,
आधी कुरकुर, मग खडखड.
माझ्याकडचं काही कुरकुरत नाही.
नखाएवढी काळी चिप,
काल जिवंत, आज नाही,
चेहरा तोच.

स्कॅनर लावला होता. दोष शून्य.
पुन्हा लावला. शून्य.
मग सेन्सर बदलला,
खरं सांगते, अंदाजाने.
साडेसहा हजारांचा अंदाज.

मिस्त्रींना सत्त्याहत्तरावं लागलंय. हल्ली नुसते बसतात.
डाव्या हाताचं मधलं बोट कधीकाळी एका फॅन बेल्टने नेलं,
उरलेल्या नवांना अजून केसाएवढी झीज कळते.
त्यांनी स्क्रू ड्रायव्हर काढला,
टोक इंजिनावर, मूठ कानाला,
डोळे मिटले.
"लोखंड ठीक आहे," म्हणाले. "तुझं पोरगं घाबरलंय."
माझं पोरगं म्हणजे कंट्रोल युनिट.

मग हात खाली घातला
जिथे माझी वायर संपते आणि त्यांचं लोखंड सुरू होतं,
बॅटरीखालच्या त्या एका बोल्टपाशी.
ना त्यांच्या खात्यात, ना माझ्या,
बंदराच्या खाऱ्या हवेने हिरवा पडलेला.
"अर्थ लागत नाहीये," ते म्हणाले.

मी हसले.
मग हसू थांबलं.

पॉलिश पेपर, दोन रुपयांचा वॉशर, बोटभर ग्रीस.
धक्क्याकडच्या रस्त्यावरचे तिन्ही गतिरोधक
आम्ही सात वेळा ओलांडले.
मिस्त्री शेजारच्या सीटवर, स्क्रू ड्रायव्हर मांडीवर.
सातव्यांदाही इंजिन चालू राहिलं
आणि तरी मी म्हटलं, आणखी एकदा.

दुरुस्त झालं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक आहे.
मला फक्त एवढंच कळतं
की अजून बंद पडली नाही.

बाईंचे साडेसहा हजार
परत द्यायचे राहिलेत.