प्रेताचं काम

मला प्रेताचं काम मिळालं ते गुडघ्यांमुळे.
तीन तास उभं राहून एकमेकांवर संशय घेणं
आता जमायचं नाही, मीच सांगितलं होतं.
तर ग्रिम्सबीत, बंद पडलेल्या मच्छीच्या दुकानावरच्या हॉलमध्ये
सव्वासातला मी गालिच्यावर आडवी झाले.
छातीवर चमचाभर रास्पबेरी जॅम,
अंगात साटीनचा नाइटगाऊन:
नुसता घातला तर झोपायचा,
खांद्यावर एक ब्रूच टोचला की एकोणीसशे छत्तीस.

खालून सगळं दिसतं.
डोरिनच्या पोटऱ्यांवर भुवयांच्या पेन्सिलीची रेघ,
मोज्यांची शिवण म्हणून;
उजवी सरळ, डावी घोट्यापाशी भरकटलेली,
कारण उजवी नातीने काढली, डावी तिने स्वतः.
आयरिसचा मिंक म्हणजे न्हाणीघरातलं पायपुसणं,
वाकली की मागचं रबर दिसतं.
मोती ख्रिसमसच्या झाडावरचे, तीन पदरी.
सिगारेटचा होल्डर म्हणजे विणायची सुई, काळी, आठ नंबरची.
ओढत कुणीच नाही,
तिघांची फुफ्फुसं डॉक्टरांकडे गहाण.
नॉर्मनने काजळाची मिशी काढली होती,
पहिल्याच घोटाला अर्धी ग्लासला गेली.

आणि जो तो वाक्यात डार्लिंग पेरतोय.
याच बायका चाळीस वर्षं
गोठवलेल्या माशांच्या कारखान्यात
पांढरी टोपी, पांढरे गमबूट,
पट्ट्यावरून येणारे तुकडे एका अंगावरून दुसऱ्या अंगावर.
तिथे टोपीबाहेर एक केस दिसला तर पगार कापायचे.
काल रात्री डोकंभर पिना लावून झोपल्या,
आज केसांत अशा लाटा पडल्यात
की हंबरच्या पाण्याने शिकावं.

ग्लेनिस उशिरा आली.
तिने सगळ्यांत सोपी युक्ती काढली होती:
नवऱ्याचा काळा कोट, बाह्या दोनदा मुडपून,
केस मागे चापून बसवलेले, ओठ लालभडक.
बस्स.
शिट्टी वाजली कुठूनतरी.

इन्स्पेक्टर म्हणजे पोस्टातली कीली, बापाच्या रेनकोटात.
"खिसे रिकामे करा, मॅडम."
ठरलं होतं डावा खिसा, विषाची बाटली,
व्हॅनिला इसेन्सची, लेबल खरवडलेली.
ग्लेनिसचा हात उजव्या खिशात गेला.

दोन पेपरमिंट, एकमेकींना चिकटलेल्या.
घडी घातलेली चिठ्ठी.
कीलीने पुरावा म्हणून ती खणखणीत वाचली:
"बल्ब. चिकटपट्टी. अर्धा डझन अंडी.
ग्लेनिसच्या बुटाची टाच. आजच. विसरू नको."

हॉल खूश! कोण विसरलं? कुठली टाच?
डोरिन म्हणाली सांकेतिक भाषा आहे,
अंडी म्हणजे हिरे, सहा हिरे.
आयरिस म्हणाली टाच पोकळ असणार.
दहा मिनिटं त्या यादीची उलटतपासणी चालली
आणि मी, नियम मोडून, एक डोळा किलकिला केला.
ग्लेनिस टेबलाला टेकून, हनुवटी वर,
"वकिलाशिवाय मी बोलणार नाही, डार्लिंग."
आवाज अगदी तालेवार.
फक्त एक पाय तिने दुसऱ्यामागे घेतला.
त्या बुटाची टाच एका बाजूने झिजलेली.
उभ्या माणसांना ते दिसायचं नाही.
मला दिसलं,
पण मेलेल्याने साक्ष द्यायची नसते.

खुनी नॉर्मन निघाला. ग्लासवरची मिशी.

मग ट्यूबलाइट लागल्या, पिना डब्यात गेल्या,
मिंक पिशवीत; घरी त्याला पाय पुसून घ्यायचे होते.
मला उठवायला दोघी लागल्या.
ग्लेनिसने वाळलेला जॅम नखाने खरवडला, चाखला.
"फार गोड," म्हणाली. "तू काहीच बोलली नाहीस?"
"मेले होते की गं."

ती आधी उतरली.
मी कठड्याला धरून ऐकत राहिले,
एक पाऊल ठक्क,
एक पाऊल नुसतंच.