कोणाचो रे तू?

बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळी.
कॉम्प्रेसर घरघरतो, मी लॅपटॉप मांडीवर घेऊन
पुन्हा एकदा जग वाचवायला बसतो.

नायकाचं गाव पहिल्या पाच मिनिटांत जळतं.
आई, बाप, भाऊ, नावं कळायच्या आत राख.
तो रडत नाही. तलवार उचलतो,
दिसेल त्या घरात शिरतो, मडकी फोडतो,
नाणी खिशात घालतो,
आणि घरातली बाई त्याला म्हणते,
आज हवा छान आहे.

निवतीत असं शिरून दाखव.
खळ्यात पाय पडायच्या आत
मेथरांची सुलभा, हातातली विळी न ठेवता:
'कोणाचो रे तू?'

पडद्यावर तीन उत्तरं उजळतात.
हो.
हो, पण रागानं.
हो, पैसे घेऊन.
तिन्ही एकाच दाराशी जातात.

साडेतीनला रुझार येतो, वीस लाद्या मागतो.
मागच्या वादळात यानं स्वतःचं जाळं कापून सोडलं
आणि पास्कूची होडी ओढून आणली.
पास्कू तेव्हापासून याच्याशी बोलत नाही.
का, ते दोघांनाही नीट सांगता येत नाही.
जाळ्याचे हप्ते चालू आहेत.
पुन्हा तसंच झालं तर, मी विचारतो.
तो लाद्या मोजत राहतो. सतरा, अठरा.
'येळ इली तर बघतलंय.'

परत येऊन बघतो तर नायक तिथंच,
बंद खोलीत झगा फडफडतोय.
मी नाणी परत ठेवायचं बटण शोधतो.
नाही.